प्रश्न वाचकांचे : क्वीनच्या मैफिली आणि गर्दीचा सूर

गेल्या अंकात प्रत्यक्ष मैफिलीत केलेल्या ध्वनिमुद्रणाविषयी लिहिताना मी ब्रिटनच्या ‘क्वीन’ या रॉक बँडच्या ‘लाइव्ह किलर्स’ या १९७९ च्या दुहेरी रेकॉर्डचा उल्लेख केला होता आणि ही रेकॉर्ड ऐकताना गायकाइतकेच लक्ष श्रोत्यांकडे द्यावे, असे सुचवले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे न देण्याचा या सदराचा शिरस्ता याही वेळी पाळला आहे.

प्रश्न : मी गेली चाळीस वर्षे सवाई गंधर्व महोत्सवाला जातो, रमणबागेत अंगावर शाल घेऊन रात्र-रात्र बसलो आहे. आपले सदर वाचून नातवाने ती रेकॉर्ड मला ऐकवली. गाणे सुरू होण्याआधीच लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात, मध्येच गायकाच्या तोंडची ओळ काढून घेतात. आमच्याकडे दाद समेवर येते, एखादी अवघड जागा सुटली की ‘क्या बात है’ येते. या गोंगाटात ऐकण्यासारखे काय आहे, ते समजावून सांगाल का? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपण पूर्ण रेकॉर्ड ऐकलीत आणि मग विचारलेत, याबद्दल आपले आभार. आपले कान चुकलेले नाहीत. आपण ज्या दादेची सवय घेऊन बसला होतात, ती दाद या रेकॉर्डवर नाही, कारण दोन्हीकडे श्रोता वेगळ्या कामासाठी आलेला असतो.

आपल्या ख्यालगायनात राग समोर, त्या क्षणी मांडला जातो. गायक पुढची जागा कशी घेणार हे श्रोत्याला ठाऊक नसते, कित्येकदा गायकालाही नसते. म्हणून दाद ही नव्याने उमगलेल्या गोष्टीला दिलेली पावती असते. आपल्याकडे मैफल हेच मूळ आणि रेकॉर्ड ही तिची तडजोड. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवावा लागे, त्या काळापासून ही समजूत आपल्या मनात पक्की आहे. रॉकमध्ये, निदान साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून, हे नाते उलटे झाले. तिथे स्टुडिओत महिनोन्‌महिने खपून तयार केलेली रेकॉर्ड हे मूळ ठरले आणि मैफिलीला येणारा माणूस त्या रेकॉर्डचा प्रत्येक सूर पाठ करून येऊ लागला. त्याला नवे ऐकायचे असतेच, परंतु त्याआधी त्याला पाठ असलेली गोष्ट हजारो माणसांबरोबर एकत्र म्हणायची असते.

म्हणून माझी आपल्याला विनंती अशी की ही रेकॉर्ड ऐकताना सवाईचा मंडप डोळ्यांसमोर आणू नका. पालखी पुण्यात मुक्कामी असते तेव्हाचे भजन आठवा. अभंग सगळ्यांना येत असतो. बुवा पहिले चरण उचलतात आणि पुढच्या चरणाला स्वतः थांबतात, कारण तो चरण समोरचे लोक म्हणणार हे त्यांना पक्के ठाऊक असते. तिथे लोकांचा आवाज ही गाण्यातली अडचण नसते, गाण्याचा निम्मा भाग तोच असतो.

आता नातवाला दुसऱ्या बाजूचे ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे गाणे पुन्हा लावायला सांगा. हे गाणे मुळात १९७५ च्या ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’ या अल्बमवर आहे. तिथे बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा पियानो आहे, गिटारवादक ब्रायन मे यांनी वाजवलेला हार्प आहे आणि आवाजाचे अनेक थर आहेत. ते सारे मंचावर आणणे शक्य नव्हते, म्हणून मे यांनी ते बारा तारांच्या अकूस्टिक गिटारवर बसवले. या गिटारच्या तारा जोडीजोडीने लावलेल्या असतात, त्यामुळे एक सूर छेडला तरी दोन तारा बोलतात आणि एकटे वाद्यही भरलेले वाटते. ड्रम नाहीत, बेस नाही. एक गिटार आणि एक गळा, एवढेच. माझ्या जवळच्या रेकॉर्डवर सुरुवातीच्या खोबणींमधली थोडी खरखर आहे, तिच्यामागून गिटारचे पहिले सूर येतात, आणि ते ओळखताच सभागृहातून जो आवाज उठतो त्यात ते सूर क्षणभर बुडून जातात. मग लोक स्वतःच शांत होतात. पुढे मर्क्युरी ओळ सोडून देतो आणि सभागृह ती ओळ पुढे नेते. त्या आवाजात वरचा-खालचा असा काही भेद नाही, सगळे मिळून एक मोठा, किंचित मागे रेंगाळणारा सूर आहे. ही रेकॉर्ड जानेवारी ते मार्च १९७९ या काळातल्या युरोपच्या दौऱ्यातली आहे. जर्मनी, फ्रान्स, स्पेन, तेव्हाचे युगोस्लाव्हिया अशा देशांत हे लोक फिरत होते. म्हणजे जे लोक गात आहेत, त्यांतल्या बहुतेकांची ती मातृभाषा नव्हे. उच्चार ऐका, ते इंग्लंडचे नाहीत. ज्यांच्या घरी ही भाषा बोलली जात नाही, त्यांनी ते गाणे अक्षरन्‌अक्षर पाठ केले आहे.

काही वर्षांपूर्वी मी हे गाणे माझ्या आईला ऐकवले होते. तिचा आणि रॉक संगीताचा काही संबंध नाही. ती आयुष्यभर आमच्या पेठेतल्या देवळात कीर्तनाला जात आली. शब्द तिला कळले नाहीत. लोक गाऊ लागले तेव्हा तिने वाती वळणारे हात थांबवले आणि विचारले, “बुवा थांबले का रे?” मी हो म्हटले. तिने मान डोलावली आणि शेवटपर्यंत ऐकले. आपणही त्या जागी पोहोचाल अशी मला खात्री वाटते. मात्र तिसऱ्या बाजूचे ‘ब्रायटन रॉक’ मधले लांबलचक गिटारवादन आपल्याला एकदम रुचेल, असे मी म्हणणार नाही. त्यात मे स्वतः वाजवलेल्या स्वरावलीचा प्रतिध्वनी यंत्राने काही क्षणांनी परत आणतात आणि त्या प्रतिध्वनीशी जुळेल अशी नवी स्वरावली त्यावर वाजवतात; एकटा माणूस स्वतःचीच साथ करतो. हे समजून ऐकले तर त्यात गंमत आहे, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवा.

प्रश्न : मी गाणे शिकते. मूळ रेकॉर्डवर मर्क्युरी जे उंच सूर सहज लावतो, ते लाइव्ह अल्बमवर पुष्कळदा टाळतो आणि चाल खाली वळवतो. हा कमीपणा समजायचा का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही, आणि आपण गाणे शिकत असाल तर हेच या रेकॉर्डवरून शिकण्यासारखे आहे. स्टुडिओत एक ओळ दहा वेळा गाता येते आणि त्यांतली उत्तम निवडता येते. दौऱ्यावर आठवड्यातून चार-पाच वेळा दोन-दोन तास गायचे असते, आणि तेही ड्रम व विजेच्या गिटारच्या आवाजावर मात करत. मर्क्युरीच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या आणि शस्त्रक्रिया करून घेणे त्याने टाळले होते. अशा गळ्याने आज तार सप्तकातली प्रत्येक जागा घ्यायची की उद्याच्या गावातल्या श्रोत्यांसाठी आवाज राखायचा, हा हिशेब त्याला रोज मंचावर करावा लागत असे.

तो काय करतो ते नीट ऐका. पट्टी बदलत नाही, गाण्याचा ठाव तोच राहतो. फक्त ओळीचे टोक वर नेण्याऐवजी तो ते त्याच स्वरसमूहातल्या खालच्या सुरावर आणून ठेवतो, आणि ही वळवलेली चालही तितक्याच ठामपणे गातो, जणू ती तशीच रचलेली होती. वरची जागा पूर्ण रिकामी राहत नाही, कारण ड्रमवादक रॉजर टेलर यांचा आवाज फार उंच जातो आणि समूहस्वरातला वरचा थर ते वाजवता-वाजवता सांभाळतात. ‘वी आर द चँपियन्स’ आधी मूळ रेकॉर्डवर आणि लगेच ‘लाइव्ह किलर्स’ वर ऐकून पाहा. एखाद्या सुरापासून मागे येताना गायक श्रोत्याला निराश कसे होऊ देत नाही, हे वहीत टिपून ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडच्या थोर गायकांनीही वय वाढल्यावर आपल्या गळ्याप्रमाणे गायकी बदलून घेतली, आणि त्याला आपण कमीपणा म्हटले नाही.

प्रश्न : ‘बोहिमियन रॅप्सडी’ च्या मधल्या भागात बँड मंचावरून निघून जातो आणि टेप वाजते, असे वाचले. शिवाय अनेक लाइव्ह अल्बम नंतर स्टुडिओत दुरुस्त केलेले असतात असेही कळले. मग त्यांना ‘लाइव्ह’ म्हणणे ही फसवणूक नाही का? पैसे देऊन घेणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : या पत्रात राग आहे आणि तो रास्त आहे; म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगतो.

टेपची गोष्ट खरी आहे. त्या गाण्याचा मधला, ऑपेरासारखा भाग १९७५ मध्ये मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनी आपले आवाज थरावर थर चढवून बांधला. तिघांचा जणू सबंध वृंद झाला. मंचावर चार माणसांना तो गाणे अशक्य होते. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या : तो भाग गाळायचा, पाठीमागे टेप लावून ओठ हलवायचे, किंवा उघडपणे मंच सोडायचा आणि टेप वाजू द्यायची. बराच काळ ते हे गाणे अर्धेमुर्धे, दुसऱ्या गाण्यांना जोडून वाजवत. पुढे त्यांनी तिसरी वाट धरली. दिवे फिरतात, मंच रिकामा असतो, टेप वाजते, आणि जोरकस गिटारचा भाग येताच चौघे परत येऊन तो स्वतः वाजवतात. ‘लाइव्ह किलर्स’ वर हा सांधा स्पष्ट ऐकू येतो. टेपचा आवाज नितळ आणि बंदिस्त आहे, आणि बँड परत आल्याबरोबर सभागृहाची घुमारी व झांजांचा ओबडधोबडपणा एकदम उघडतो. मला यात प्रामाणिकपणा दिसतो. समोरच्या माणसाला काय खरे वाजते आहे आणि काय नाही, हे डोळ्यांनी दिसत होते. उलट डिसेंबर १९८६ मध्ये निघालेल्या ‘लाइव्ह मॅजिक’ या अल्बमवर तो मधला भाग कापूनच टाकला आहे, आणि ते ऐकताना पायरी चुकल्यासारखे होते.

दुरुस्त्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. मी स्वतः पुण्यातल्या नाट्यगृहांत आणि मैदानांवर पुष्कळ वर्षे ध्वनिव्यवस्था पाहिली आहे, त्यामुळे एवढे खात्रीने सांगू शकतो की मैफिलीचे ‘जसेच्या तसे’ ध्वनिमुद्रण अशी काही वस्तू नसतेच. गायकाच्या ओठांशी एक माइक, ड्रमभोवती अनेक, गिटारच्या स्पीकरपुढे एकेक, आणि श्रोत्यांकडे तोंड करून टांगलेले काही माइक. हे सारे वेगवेगळ्या ट्रॅकवर जाते आणि नंतर कोणीतरी बसून कोणता ट्रॅक किती वर, किती खाली हे ठरवतो. श्रोत्यांचे माइक थोडे वर केले की मैफल मोठी वाटते, खाली केले की बँड जवळ येतो. तो निर्णय माणूसच घेतो. ‘लाइव्ह किलर्स’ चे मिश्रण स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या माउंटन स्टुडिओत झाले, निर्मिती बँडने स्वतः केली, आणि ती एका रात्रीची मैफल नसून दौऱ्यातल्या निरनिराळ्या रात्रींमधून वेचलेली आहे. हे कळल्यावर माझ्या मनातली तिची किंमत उतरली नाही.

फसवणूक मी तिथे म्हणेन, जिथे मंचावर वाजलेच नाही ते नंतर स्टुडिओत वाजवून, ते त्या रात्रीचे म्हणून विकले जाते. अमेरिकेच्या ‘किस’ या बँडचा १९७५ चा ‘अलाइव्ह!’ हा अल्बम त्यांना घराघरांत घेऊन गेला, पण त्यावर स्टुडिओत बऱ्याच दुरुस्त्या झाल्याचे पुढे मान्य केले गेले. याच्या दुसऱ्या टोकाला ‘डीप पर्पल’ यांचा ‘मेड इन जपान’ आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकातल्या दोन आणि टोकियोतल्या एका मैफिलीत मुद्रित झालेला हा अल्बम वादकांचे कौशल्य ऐकायचे असेल तर आजही पहिल्या रांगेतला आहे. आपला राग शमवायला तो अल्बम मी सुचवतो. क्वीनची गोष्ट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि मला विचाराल तर ती ‘मेड इन जपान’ च्या अधिक जवळ आहे.

प्रश्न : आम्ही ढोल-ताशा पथकात वाजवतो. साठ-सत्तर ढोल एका ठेक्यात ठेवणे किती कठीण असते हे आम्हाला माहीत आहे. मग स्टेडियममध्ये साठ-सत्तर हजार लोक ‘वी विल रॉक यू’ ला एका तालात टाळ्या कशा वाजवतात? की रेकॉर्डवर ते नंतर जुळवलेले असते? (पथकातील काही वादक, नारायण पेठ)

उत्तर : एका तालात वाजवतच नाहीत, हेच याचे उत्तर आहे, आणि ते आपल्याइतके चटकन कोणाला पटणार नाही.

ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. आपल्या पथकात पुढचा ताशा आणि शेवटची ढोलांची रांग यांत वीस मीटर अंतर असेल, तर ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोहोचायला सेकंदाचा सतरावा हिस्सा लागतो. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक लांबली की मागचे वादक किंचित मागे पडतात, आणि म्हणून कानावर विसंबू नका, पुढच्याच्या हाताकडे बघा, असे आपल्याला शिकवलेले असते. आता हे अंतर स्टेडियममध्ये नेऊन पाहा. मंचापासून १२५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला ठोका सुमारे ०.३६ सेकंद उशिरा ऐकू येतो. या गाण्याची लय मिनिटाला साधारण ८१ मात्रांची आहे, म्हणजे एक मात्रा पाऊण सेकंदाच्या आतबाहेर. तो माणूस अर्धी मात्रा मागे असतो. त्याने ऐकून टाळी वाजवली आणि ती परत मंचाकडे आली, की जाऊन-येऊन सबंध मात्रेचा फरक पडतो. मैदानाच्या मध्यावर उंच मनोरे उभारून त्यांवरच्या स्पीकरना मुद्दाम उशिराने आवाज देतात. त्यामुळे मागच्यांना मंचाचा आवाज आणि जवळच्या स्पीकरचा आवाज एकाच वेळी मिळतो आणि दोन-दोन ठोके ऐकू येत नाहीत, परंतु मागचा माणूस पुढच्याच्या बरोबरीला मात्र येत नाही.

मग रेकॉर्डवर ते एकत्र का वाटते? एक तर श्रोत्यांचे माइक बहुधा मंचाजवळ असतात, म्हणून त्यांच्यात पुढच्या काही हजारांच्या टाळ्या ठळक येतात आणि मागच्यांच्या टाळ्या त्यामागे पसरलेल्या सावलीसारख्या येतात. दुसरे म्हणजे हे गाणेच त्या पसरटपणाचा विचार करून रचलेले आहे, आणि ही हकीकत आपल्याला आवडेल. मे १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावच्या बिंगली हॉलमध्ये क्वीनची मैफल संपल्यावर लोक जायला तयार होईनात आणि फुटबॉलच्या मैदानावर म्हटले जाते ते एक गाणे बँडसाठी गाऊ लागले. दाटीवाटीने उभा असलेला माणूस काय-काय करू शकेल, असा विचार ब्रायन मे यांच्या मनात आला : पाय आपटू शकेल, टाळी वाजवू शकेल, गाऊ शकेल. त्यातून दोन पाय, एक टाळी आणि एक मोकळी जागा हा ठेका निघाला. मे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी; पुढे २००७ मध्ये त्यांनी खगोलभौतिकीत डॉक्टरेटही पूर्ण केली. स्टुडिओत मोजक्या माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटून जे मुद्रण केले, त्याच्या त्यांनी वेगवेगळ्या उशिराच्या प्रती चढवल्या, आणि ते उशीर अशा प्रमाणांत निवडले की कुठलेही दोन नियमितपणे एकमेकांवर पडू नयेत. त्यामुळे कानाला यांत्रिक प्रतिध्वनी ऐकू येत नाही, निरनिराळ्या अंतरांवर उभी असलेली गर्दी ऐकू येते. म्हणजे स्टुडिओतल्या मूळ रेकॉर्डवरच मागची रांग उशिरा वाजवते आहे! टाळीनंतरची मोकळी जागाही फार उपयोगाची आहे, कारण मागून येणारी टाळी त्या जागेत विरून जाते आणि पुढचा पाय स्वच्छ पडतो. पथकाच्या हातांत विश्रांतीची जागा ठेवलेला ठेका मोठ्या रस्त्यावर का टिकतो, ते यावरून लक्षात येईल.

‘लाइव्ह किलर्स’ वर हे गाणे दोनदा आहे. पहिल्या बाजूच्या सुरुवातीला ड्रम-गिटारसह धावत्या लयीत आणि चौथ्या बाजूला मूळच्या संथ ठेक्यात. दोन्ही लागोपाठ वाजवून पाहा. धावत्या लयीत टाळी वाजवायला फट नाही, म्हणून लोक नुसते ओरडतात. संथ लयीत सगळे सभागृह वाजवू लागते.

प्रश्न : एकच घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा? (अनेक वाचक)

उत्तर : पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ‘लाइव्ह ॲट वेम्ब्ली ’८६’. शनिवार, १२ जुलै १९८६ रोजी लंडनच्या जुन्या वेम्ब्ली स्टेडियमवर झालेली ही मैफल. तिचा दुहेरी अल्बम १९९२ मध्ये, म्हणजे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीचे निधन झाल्यानंतर काही महिन्यांनी निघाला. उघड्या आकाशाखालचा आवाज आहे, त्यामुळे वाद्ये सुटी-सुटी ऐकू येतात. मर्क्युरी नुसता ‘ए-ओ’ असा स्वर टाकतो, लोक परत करतात. तो वळण वाढवतो, लोक तेही परत करतात. शेवटी तो अशी काही तान घेतो की ती परत करणे कोणाला शक्य नसते, आणि सगळे मैदान हसते. त्यात ना शब्द आहेत ना वाद्य. ‘रेडिओ गा गा’ मधल्या दोन-दोन टाळ्याही इथेच ऐकाव्यात.

असे असूनही माझ्या घरात अधिक वेळा वाजते ती ‘लाइव्ह किलर्स’. वेम्ब्लीच्या वेळी त्यांना आपण स्टेडियमचे राजे आहोत हे ठाऊक झालेले होते. १९७९ मध्ये ते अजून बंद सभागृहांत वाजवत होते, छत डोक्यावर होते, आवाज कोंदलेला आहे, आणि लोक आपल्या हातांतून गाणे घेऊ लागले आहेत हे त्यांना नुकते कळू लागले होते. ते नवखेपण त्या आवाजात आहे. ‘लाइव्ह मॅजिक’ मात्र घेऊ नका. त्यात १९८६ च्या दौऱ्यातली उत्तम सामग्री आहे, पण गाणी जागोजागी कापलेली आहेत.

प्रश्न : मर्क्युरी पाचगणीला शिकला हे खरे का? तिथले काही या मैफिलींत ऐकू येते का? (एक शिक्षिका, बिबवेवाडी)

उत्तर : खरे आहे. फारोख बुल्सारा हे त्याचे मूळ नाव. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६ चा, घराणे पारशी. आठ वर्षांचा असताना, १९५५ मध्ये, त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवले. पुण्याहून वाईवरून पसरणीचा घाट चढून आपण ज्या पठारावर सहलीला जातो, तिथे तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढून त्यात पियानो वाजवू लागला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले वाजवत. त्याच्या आवाजात हिंदुस्थानी संगीताचा संस्कार शोधण्याचा मोह अनेकांना होतो, मला तो आधार नसलेला वाटतो. पण वेम्ब्लीच्या अल्बमवर एक जागा आहे. मैफिलीच्या मध्यात चौघे पुढे येऊन साध्या गिटारवर जुनी रॉक अँड रोल गाणी गातात, आणि त्यांत लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ आहे. पाचगणीच्या मुलाला ज्या गायकाने वेड लावले, त्याचे गाणे तो एकोणचाळिसाव्या वर्षी तुडुंब भरलेल्या स्टेडियमसमोर गातो आहे. विद्यार्थ्यांना ऐकवायचे असेल तर हेच ऐकवा.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात ‘लाइव्ह किलर्स’ ची जुनी एलपी सापडली. वेष्टनाला बुरशी आहे, रेकॉर्ड किंचित वाकली आहे. वाजवावी का? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : आधी धुवा, मग वाजवा. पुण्याच्या पावसाळ्यात आडव्या रचून ठेवलेल्या रेकॉर्डचे असेच होते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादाच थेंब टाकून, मऊ कापडाने खोबणींच्या दिशेने गोल पुसा, मधले लेबल भिजू देऊ नका, पुन्हा नुसत्या पाण्याने पुसून उभी वाळवा. आतले कागदी पाकीट बदला. बाहेरचे वेष्टन उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर ठेवा. वाक थोडा असेल तर सुई सहसा सांभाळून घेते. इस्त्री किंवा गरम काच असले उपाय मात्र मुळीच करू नका. वाजवायला लागलात की वडिलांनी कोणती बाजू जास्त ऐकली होती ते कळेल, कारण ती बाजू अधिक खरखरते. माझ्या प्रतीवर ती दुसरी बाजू आहे. तुमच्याकडे कोणती निघाली, ते कळवा.